पाचवा चष्मा

ताटलीच्या रविवारी घरातली सगळी माणसं तासभर आंधळी व्हायची.

रीत मामंजींनी घालून दिलेली. वर्षातून एकदा चष्म्यांच्या दुकानाचं शटर भर दुपारी खाली ओढायचं, मागच्या घासायच्या खोलीत जमायचं आणि प्रत्येकाने आपापला चष्मा नाकावरून उतरवून स्टीलच्या ताटलीत ठेवायचा. मग स्क्रू आवळायचे, काचा साबणाच्या पाण्यातून काढायच्या आणि एकेका काचेचा नंबर पुन्हा हाताने तपासायचा. "गावाला डोळे वाटता, आणि स्वतःच्या नाकावर काय बसलंय ते ठाऊक नको?" असं मामंजी म्हणत. ते जाऊन चार वर्षं झाली, तरी रीत मोडली नव्हती. त्यांच्या थोरल्या सुनेने, थोरलीने, ती मोडू दिली नव्हती.

"दादा, पुढे स्टूल आहे, बघ," असं भाऊजी म्हणेपर्यंत दादा स्टुलाला धडकलेही, आणि सवयीने स्टुलालाच "माफ करा हं" म्हणाले.

"बघ म्हणतोस, पण कशाने बघू? डोळे ताटलीत काढून ठेवलेत."

"तीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोयस. जरा अंदाज असावा."

सगळे हसले. धाकटीने चहा ओतला, तो कपात थोडा आणि बशीत जास्त पडला. थोरलीला चष्मा लागायचा तो जवळच्यापुरता, त्यामुळे या तासाभरात सगळ्यांचे चेहरे स्वच्छ दिसणारी घरात ती एकटीच. तिला हे आवडायचं. चष्मा उतरवला की माणसाचा चेहरा बेसावध होतो. नवरा दादा, दीर भाऊजी, जाऊ धाकटी, तिघांचे चेहरे आत्ता तसे सैल पडले होते.

पुतणी मात्र सावध होती. दाराच्या चौकटीला टेकून उभी, आणि चष्मा नाकावर तसाच.

"मुंगे, आण गं तुझा."

लहानपणी, नंबर लागण्याआधी, ही पोर जमिनीला नाक लावून मुंग्या बघत बसायची. तेव्हापासून ती मुंगी. आता अठराची झाली होती. उणे सातचा नंबर.

"माझा नवा आहे काकू. महिनाच झालाय. कशाला उगाच?"

"नवा असू दे, जुना असू दे. ताटली सगळ्यांची."

"राहू द्या ना ताई," धाकटी लगबगीने म्हणाली. "तिला अभ्यासाला बसायचंय."

थोरलीने हातातला चहा खाली ठेवला. ताटलीसाठी पोरीच्या मागे लागणारी दर वर्षी हीच, तिची आई. आज तिला अभ्यास आठवला. आणि बोलताना तिने मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही, उगाच बशी पुसत राहिली.

"अभ्यास पाच मिनिटांनी पळून जात नाही," थोरली हळूच म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे, पण तो एकदा असा खाली उतरला की घरात त्याच्यापुढे कुणाचं चालत नसे. मुंगीने चष्मा काढला आणि तो ताटलीत न ठेवता काकूच्या हातात दिला.

समोरच्या भिंतीवर मामंजींनी काळ्या रंगाने काढलेली मोठी अधिकची खूण होती. एक उभी रेघ, एक आडवी. काच डोळ्यासमोर हातभर अंतरावर धरायची आणि हळूच डावीउजवीकडे हलवायची. उणे नंबरची काच असली की आतली रेघ काचेबरोबर त्याच बाजूला पळते, अधिक नंबरची असली की उलट्या दिशेला. किती पळते यावरून मामंजी नंबर सांगत, यंत्राला हातही न लावता. थोरलीला तेवढं जमत नसे, पण उणे सात म्हणजे रेघेने उडीच मारायला हवी.

तिने काच हलवली. रेघ जागची हलली नाही.

तिने दुसरी काच धरली. तीही तशीच. साध्या खिडकीतून बघावं तशी रेघ भिंतीवर ढिम्म उभी.

थोरलीने चष्मा खाली घेतला. तिच्या मनात गेल्या आठ-नऊ दिवसांतलं एकेक सरकायला लागलं. मंगळवारी रस्त्यापलीकडून तिने हात केला होता, पोरीने बघून न बघितल्यासारखं केलं. मग एकदा बापाला हाक मारायची ती दादांना मारली. आणि पोरीचे डोळे! उणे सातच्या काचेआड डोळे बारीक दिसतात, इतकी वर्षं तिने ते तसेच पाहिले होते. या आठवड्यात ते मोठे, टपोरे दिसत होते. "काय गं, काजळ घालायला लागलीस का? छान दिसतेस," असं ती स्वतःच म्हणाली होती. चष्मेवाल्यांच्या घरात जन्म काढून काजळ सुचलं तिला!

"अहो," ती दादांना म्हणाली, "हे जरा बघा."

दादांनी ताटली चाचपून आपला चष्मा शोधला, घातला, काच हलवली. एकदा, दोनदा. मग त्यांनी मुंगीकडे पाहिलं.

"साधी काच आहे ही."

"काय?" भाऊजी उठले. "कुणी बसवली?"

प्रश्न बरोबर होता, आणि तो पडताच खोलीतली हवा बदलली. काच कापायचं यंत्र घरात एकच होतं. साध्या काचांच्या खणाची किल्ली दादांकडे. फ्रेमात काच बसवणं येत होतं दादांना, भाऊजींना आणि थोरलीला.

"किल्ली तुझ्याकडे असते, दादा."

"म्हणजे मी बसवली?"

"मी कुठे तसं म्हटलं? किल्ली तुझ्याकडे असते, एवढंच म्हटलं."

"आणि दुकानातल्या फ्रेमा घरभर कोण नेतं रे? फोटो काढायला?"

"मागच्या खोलीत ताईंच्या परवानगीवाचून चिटपाखरू येत नाही," धाकटी म्हणाली. इतका वेळ दाबून धरलेलं वाक्य सुटावं तसं म्हणाली.

थोरलीचा अंगठा सवयीने काचेच्या कडेवरून फिरत होता. जाड फ्रेमच्या आडून कड दिसत नव्हती, म्हणून तिने काच फ्रेममधून अलगद बाहेर दाबून काढली आणि पुन्हा अंगठा फिरवला. डाव्या वरच्या कोपऱ्यात कड किंचित जास्त घासलेली होती. तिथे घासताना तिचा अंगठा नेहमी कलायचा. मामंजींनी दहा वेळा सांगूनही ती खोड गेली नव्हती.

"उगाच भांडू नका," ती म्हणाली. "ही माझीच घास आहे."



मागच्या आठवड्यात दुकानाच्या काचेच्या कपाटात मांडायला तिने बारा नव्या फ्रेमांना साध्या काचा बसवल्या होत्या. बारा की तेरा? घासताना तिचा जप चालायचा. एका काचेला एक माळ, असा वर्षानुवर्षांचा हिशेब. ट्रेमध्ये जे येईल ते हात करत जायचे, डोळे अर्धे मिटलेले. त्या ट्रेमध्ये कुणी काचा काढलेला एक चष्मा सरकवला, तर तिला कळणार नाही, हे कुणाला ठाऊक होतं? घरात सगळ्यांनाच. देवाचं नाव घेता घेता तिने पोरीची नजर काढून ठेवली होती.

"तूच ठेवलास ना ट्रेमध्ये?"

मुंगीने मान हलवली. "तू जप करत होतीस. मला माहीत होतं तू बघणार नाहीस."

"पण का गं?" दादांचा आवाज फाटला. "उणे सात आहे तुला! जिन्यावरून पडली असतीस."

"उणे सात तुम्ही म्हणता."

"म्हणजे?"

"म्हणजे यंत्र तुमचं, दुकान तुमचं, नंबरही तुम्हीच काढता. आणि दर वर्षी तो वाढतो. वाढला की नवा चष्मा. कुणाचा फायदा आहे यात?" ती पाठ केल्यासारखं बोलत होती. "चष्मा ही डोळ्यांची कुबडी आहे. कुबडी काढली की पाय आपोआप चालायला लागतात. एकवीस दिवस लागतात. माझा आज नववा दिवस."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"मोकळी नजर."

हे एका माणसाच्या चॅनलचं नाव होतं. रोज सकाळी तो दाढीवाला हसत हसत डोळ्यांवर बोटं दाबायचा आणि लाखो पोरं त्याच्याबरोबर दाबायची. थोरलीने त्याला पाहिलं होतं. मोबाइलमध्ये नव्हे, इथे. याच दुकानात, याच स्टुलावर बसून चहा पिताना.

"तो?" भाऊजी ओरडले. "तो भामटा? त्याच्या नादाला लागून तू..."

"भामटा कधीपासून झाला बाबा? गेल्या वर्षी तूच आणला होतास ना त्याला! दोन फ्रेमा दिल्यास, खांद्यावर हात टाकून फोटो काढलास. 'मोबाइलच्या निळ्या उजेडापासून डोळे वाचवा, या दुकानातून निळी काच घ्या,' असं तो म्हणाला तेव्हा तू मला म्हणालास, बघ, शिकलेला माणूस आहे, अभ्यास करून बोलतो. म्हणाला होतास की नाही?"

भाऊजी ताटलीतला आपला चष्मा चाचपायला लागले.

"तेव्हा तो खरा, आणि आता खोटा. असं कसं?"

थोरली पोरीकडे बघत राहिली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा होता, पण त्याच्या तळाशी काहीतरी वेगळं होतं. फसवलं गेलेल्या माणसाचा सूर होता तो. कुणी फसवलं एवढंच तिचं ठरत नव्हतं.

"काचा कुठे आहेत तुझ्या?" दादांनी विचारलं. "आधी त्या आण. आत्ता बसवतो."

बोलली धाकटी. "माझ्याकडे आहेत."

भाऊजी गर्रकन वळले. "तुला माहीत होतं?"

"तीन दिवस झाले. तिच्या कपाटात सापडल्या, मोज्यात गुंडाळलेल्या." धाकटी आता रडत होती, आवाज न करता. "तुम्हाला काय, चष्मा म्हणजे धंदा. शाळेत तिला पोरं बाटलीचं बूड म्हणायची. मी ऐकलंय. मला वाटलं, खरंच उतरला नंबर तर? एवढी लाखो माणसं बघतात त्याला, सगळीच वेडी असतील? एकवीस दिवस तर आहेत, बघू तरी."

मघाशी पोरीला पाठीशी का घातलं, ते थोरलीला आता कळलं. राग यायला हवा होता, तो आला नाही. धाकटीलाही पोरीसाठी चमत्कार हवा होता. रोज देवापुढे बसून आपण तरी दुसरं काय मागतो?

"आणि उतरतोय नंबर!" आईचा आधार मिळताच मुंगीला जोर चढला. "तुम्हाला खोटं वाटेल. कालपासून मला उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात उजेड दिसायला लागलाय. असा चमकून जातो, विजेसारखा. तो म्हणालाच होता, दुसऱ्या आठवड्यात चमक दिसते. डोळा जागा होतो."

दादांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला.

दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली एक पिवळा कागद होता. मुंगीच्या डोळ्यातला पडदा पातळ आहे असं दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा दादांनी तो स्वतः लिहून ठेवला होता. वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके तरंगले, तर थांबायचं नाही.

"ठिपके दिसतात?" दादांनी विचारलं.

"थोडे."

"चप्पल घाल. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

"मी नाही येणार."

"मुंगे, पडदा फाटला तर डोळा जाईल! कळतंय का तुला?"

"हेच! हेच म्हणाला होता तो." ती मागे सरकली आणि दाराला चिकटली. "तो म्हणाला, तुम्ही चष्मा काढलात की सगळ्यात आधी तुमचे चष्मेवालेच तुम्हाला घाबरवतील. पडदा, भोक, आंधळेपण, असलं सांगतील. शब्द न् शब्द खरा निघाला त्याचा. आणि डॉक्टर कोण? बाबाचा मित्रच ना? दवाखान्यात आपल्याच फ्रेमांचं कॅलेंडर लावून बसलेला!"

भाऊजी तिचा हात धरायला पुढे झाले. "उचलून नेतो मी तिला."

"भाऊजी, थांबा."

ओढून नेली तर गाडीत बसेल, पण यंत्रापुढे डोळा उघडा ठेवणार नाही. आणि यापुढे कधीच काही सांगणार नाही. थोरली उठली आणि पुतणीसमोर जाऊन उभी राहिली, तिला चेहरा दिसेल इतक्या जवळ. म्हणजे अगदी नाकाला नाक.

"विचार मला काय विचारायचंय ते."

मुंगीने संशयाने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ती निळी काच. जी आपण सगळ्यांना विकतो. तिने डोळे वाचतात का?"

"अर्थात वाचतात," भाऊजी मागून म्हणाले.

"तुला नाही विचारलं, बाबा."

लग्न होऊन आल्यापासून थोरलीने दुकानाविरुद्ध शब्द काढला नव्हता. पुरुषांनी काय विकावं यात तिने कधी लक्ष घातलं नाही. आपण आपलं घासायचं काम करावं, आपला नेम पाळावा, झालं. पण नेमात खोटं न बोलण्याचा नेमही होताच की. तो इतकी वर्षं तिने गप्प बसून सांभाळला होता. गप्प बसणं म्हणजे खरं बोलणं नव्हे, हे तिला आज पहिल्यांदाच टोचलं.

"नाही," ती म्हणाली. "डोळे वाचत नाहीत. त्या काचेने काही होत नाही."

"वहिनी!"

"बरोबर आहे तिचं," दादा खाली बघत म्हणाले. "मला माहीत होतं. मी पण बोललो नाही."

भाऊजी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. सख्खा भाऊ आणि आईसारखी वहिनी, एका वाक्यात पलीकडे गेली होती. "छान," ते म्हणाले. "दुकानाची पाटी पण उतरवून ठेवा मग."

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मुंगी काकूकडे टक लावून बघत होती.

"मग तू आत्ता खरं बोलतेस कशावरून?"

"कशावरूनच नाही. नको ठेवूस विश्वास. माझ्यावर नको, बाबावर नको, त्या दाढीवाल्यावर पण नको. जो चष्मे विकत नाही आणि व्हिडिओ काढत नाही, असा डॉक्टर तू शोध. तुझ्या मोबाइलवर, तुझ्या मनाने. मी नुसती बरोबर येते. आत आलेली चालणार नसेल तर दाराबाहेर बसते."

खोलीत घासायच्या चाकावरचं पाणी टपटपत होतं. मुंगीने मोबाइल नाकाशी धरला. बराच वेळ बोट फिरत राहिलं. थोरलीने तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली. आज डोळे उघडे ठेवायचे होते.

"सरकारी दवाखाना," मुंगी शेवटी म्हणाली. "तिथे रविवारी पण असतात. बाबाने यायचं नाही."

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, दमलेली होती आणि तिला कुणाचंच काही पडलेलं नव्हतं. तिने मुंगीच्या डोळ्यांत थेंब घातले, अर्ध्या तासाने डोक्याला दिवा बांधून आत पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "डोळे दाबत होतीस का?"

"व्यायाम होता. बोटांनी."

"हं. उजव्या पडद्याला भोक आहे. अजून पडदा सुटलेला नाही. आत्ता लेझर करते, भोवतीने शिवण घातल्यासारखं होतं."

"चष्मा काढला म्हणून पडलं?" मुंगीने विचारलं.

"चष्मा काढून भोक पडत नाही. तुझा पडदा मुळात पातळ. दाबून भलं झालं नसेल, एवढंच सांगू शकते. पण चमक दिसूनही घरी बसली असतीस, तर परवा मी काही करू शकले नसते." तिने पुढच्या पेशंटला हाक मारली.

चष्मा काढून भोक पडत नाही, हे ऐकताना थोरलीच्या छातीवरचं ओझं हललं, आणि मुंगी मात्र आणखी गोंधळली. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं सांगितलं होतं तर. लेझर झाल्यावर बाहेरच्या बाकावर ती डोळे मिटून बसली. बाहुल्या विस्फारलेल्या, उजेड सोसत नव्हता. धाकटी चहा आणायला गेली होती.

"काकू, मोबाइल घे. मी सांगते ते लिही. त्याच्या व्हिडिओखाली."

थोरलीने पर्समधला चष्मा घातला आणि एका बोटाने लिहिलं. चमक दिसली तर डोळा जागा होत नसतो. मला भोक पडलं होतं. लगेच डॉक्टरकडे जा.

मिनिटभरात उत्तरं यायला लागली. थोरली मोठ्याने वाचत गेली. "ही चष्मेवाल्यांची पोर आहे, दुकानात फोटो आहे हिचा." "किती चष्मे मिळाले गं?" "घाबरवायचं काम सुरू झालं, सर म्हणालेच होते." मग सगळंच दिसेनासं झालं.

"पुसून टाकलं त्याने," मुंगी डोळे न उघडता म्हणाली. तिच्या मिटलेल्या पापणीतून पाणी आलं. ते थेंबांचं की कशाचं, कळत नव्हतं. "मी पण असंच लिहायचे. दुसऱ्यांना."

मोबाइल हातात थरथरला. या वेळी निरोप सगळ्यांसमोर नाही, फक्त मुंगीला आला होता. कुणी ओळखीची नव्हती, चित्रात नुसतं मांजर.

"काय लिहिलंय?"

"तुला यातून काय मिळणार, असं विचारतेय."

"लिही, काही नाही."

थोरलीने लिहिलं. पलीकडे बराच वेळ टिंबं हलत राहिली, थांबली, पुन्हा हलली. मग एक ओळ आली. थोरलीने ती मनातल्या मनात दोनदा वाचली.

"काकू?"

"मला दोन्ही डोळ्यांत चमकतंय, म्हणतेय. चार दिवस. घरी कुणाला सांगितलं नाही."

मुंगी ताडकन सरळ बसली. "फोन लाव तिला. वर कोपऱ्यात खूण आहे. लाव!"

बेल वाजत राहिली. थोरलीने अनोळखी माणसाशी आपणहून कधी चार शब्द बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. सातव्या-आठव्या बेलला पलीकडे कुणीतरी उचललं. श्वास ऐकू आला. मग एक कोवळा, अंग चोरलेला आवाज. पंधराची असेल, फार तर सोळाची.

"कोण बोलतंय?"

मी कोण, हे सांगण्यासारखं थोरलीजवळ एकच उत्तर होतं, चष्मेवाली, आणि ते ऐकलं की ही मुलगी फोन ठेवणार होती.

"बाळ," ती म्हणाली, "आधी फोन ठेवू नकोस."